ब्रेक दाबताच थरथर? डिस्क बदलण्याआधी जुनी चाकं लावून बघा

पिकअपला बाहेरची अलॉय चाकं बसवली आणि ब्रेक दाबताच स्टेअरिंग थरथरू लागलं, तर काय करावं याचा एक ठरलेला सल्ला गोव्यात म्हापशापासून काणकोणपर्यंत व्हॉट्सअॅपवर आणि टायरच्या दुकानांत फिरतो आहे. थोडक्यात तो असा: अलॉयचा ब्रेकशी काही संबंध नाही. डिस्क तापून वाकली आहे, ती पॅडसकट बदला. तरी थांबलं नाही तर पुन्हा बॅलन्सिंग करा, हब रिंग (चाकाच्या मधल्या भोकात बसणारं कडं) टाका आणि नट हवेच्या गनने कचकचून आवळा. या सल्ल्यापायी लोक चांगल्या डिस्क भंगारात टाकत आहेत. शेवटची सूचना तर जिवावर बेतू शकते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"डिस्क तापून वाकली."

रोजच्या वापरातल्या गाडीची ओतीव लोखंडाची डिस्क उष्णतेनं खरोखर वाकणं फार क्वचित घडतं. पायाला जे धडधडतं ते बहुतेक वेळा डिस्कच्या जाडीतला फरक असतो. कुठे जाड, कुठे पातळ. पॅड तिथून सरकताना पकड कमी-जास्त होते. हा फरक ०.०२ मिमी इतका असला तरी हाताला कळू शकतो.

तो येण्याची एक वाट आपल्याकडे घाटातून जाते. भरलेली गाडी अनमोड उतरते, खाली मोलेच्या नाक्यावर रांगेत थांबते आणि चालकाचा पाय ब्रेकवर तसाच राहतो. तापलेल्या डिस्कवर त्या एकाच जागी पॅडचा थर चिकटतो. घाट उतरल्यावर शक्य तिथे पाय उचलून हँडब्रेकवर उभं राहावं ते यासाठी.

दुसरी वाट चाक बसवण्यातून जाते. डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, केसभर तिरकी बसली की ब्रेक न दाबताही प्रत्येक फेरीला तिची तीच कड पॅडला घासते आणि हळूहळू तिथे पातळ होते. त्यामुळे थरथर कधी सुरू झाली हे आधी विचारा. चाकं बसवली त्याच दिवशी सुरू झाली, तर इतक्या लवकर डिस्क झिजलेली नाही. दोष चाकात, नटांत किंवा बसवण्यात शोधा. काही हजार किलोमीटरनी सुरू झाली, तर डिस्क आता खरोखरच असमान झालेली असू शकते, पण मूळ कारण तरीही त्या दिवशीच्या बसवण्यात असू शकतं.

"अलॉयचा ब्रेकशी काय संबंध?"

या एका वाक्यामुळे सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात. आजच्या अनेक पिकअपमध्ये पुढची डिस्क हब आणि चाक यांच्यामध्ये दाबली गेलेली असते, आणि तिला घट्ट धरतात ते चाकाचेच नट. नट कमी-जास्त आवळले किंवा हबच्या तोंडावर गंज राहिला, तर डिस्क तिरकी बसणारच. आणि गंज गोव्यात सांगून येत नाही. वर्षाला ३,००० मिमीच्या आसपास पाऊस आणि किनाऱ्यावरची खारी हवा! चाक काढलं की हबचं तोंड तारेच्या ब्रशनं स्वच्छ करून पुसायला पाच मिनिटं पुरतात, पण ते होताना क्वचितच दिसतं.

त्याहून महत्त्वाचा आहे ऑफसेट, म्हणजे चाक हबपासून किती आत किंवा बाहेर बसतं ते. बाहेर निघालेलं रुंद चाक रुबाबदार दिसतं, मान्य. पण स्टेअरिंग वळताना चाक ज्या अक्षाभोवती फिरतं, त्या अक्षाचा जमिनीवरचा बिंदू आणि टायरचा मध्य यांतलं अंतर चाक बाहेर आलं की सहसा वाढतं. दाराची मूठ बिजागरीपासून जितकी लांब, तितक्या कमी जोरानं दार हलतं, इथेही तेच. डाव्या-उजव्या ब्रेकमधला जो बारीक फरक कंपनीच्या चाकांवर हाताला जेमतेम जाणवत होता, तो आता थेट हातात येतो. चाक धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश किंवा बॉल जॉइंट (फिरते सांधे) थोडे सैल झाले असतील, तर ते याच वेळी उघडे पडतात. नवी डिस्क टाकल्यावर काही दिवस गाडी शांत होते, हेही खरं आहे, आणि म्हणूनच लोक फसतात. नवीन डिस्कमध्ये फरक नसतो, म्हणून हातात काही येत नाही. ती जरा झिजली की तीच तक्रार परत सुरू होते.

"पुन्हा बॅलन्सिंग करा."

बॅलन्सिंग बिघडलं असेल तर गाडी ब्रेकशिवायही थरथरते, बहुधा ८० ते ११० किमीच्या वेगात. फक्त ब्रेकवर थरथरत असेल तर बॅलन्सिंग हा पहिला संशयित नाही. मात्र रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला लाल चिखल चिकटलेला नाही ना, तेवढं वाकून बघा.

"हब रिंग टाकली की सुटलं."

टोयोटाच्या हायलक्स आणि फॉर्च्युनरच्या चाकाला १३९.७ मिमीच्या वर्तुळावर सहा नट आणि मधलं भोक १०६.१ मिमीचं. बाहेरच्या चाकांत हे भोक अनेकदा मुद्दाम मोठं ठेवतात, म्हणजे तेच चाक वेगवेगळ्या गाड्यांना चालतं. अशा वेळी रिंग चाक मध्यावर बसवायला मदत करते, जरूर टाका. पण रिंग भार उचलत नाही. नट आवळले की चाक धरून ठेवतो तो हबवरचा दाब. नटाचं तोंड चाकातल्या खोबणीशी जुळत नसेल, तर रिंग असूनही चाक सरकतं.

"नट जितका घट्ट तितका बरा."

नाही. टोयोटाच्या मूळ अलॉयना सपाट वॉशरचे नट असतात. बाहेरच्या अलॉयना सहसा ६० अंशांचे शंकूच्या आकाराचे लागतात. जुनेच नट नव्या चाकाला लावले तर ते कडेवर टेकतात आणि सैल होत जातात. चालत्या गाडीचं चाक निखळणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. गनने आवळल्यावर एक नट किती आणि दुसरा किती, हे कुणालाच कळत नाही, स्टडही (नट ज्यांवर बसतात ते बोल्ट) ताणले जातात. चाक जमिनीवरून उचललेलं ठेवून समोरासमोरचे नट क्रमानं हातानं बसवा, मग गाडीच्या पुस्तिकेतला टॉर्क (आवळण्याचा ठरलेला जोर) बघून टॉर्क रेंचनं आवळा. सुमारे १०० किमीनंतर पुन्हा तपासा. दुकानात टॉर्क रेंच नसेल तर मी तिथे चाकं बसवू देणार नाही.

आता शोधायचं कसं. कंपनीची चाकं आणि त्यांचे नट जपून ठेवले असतील तर ते लावून त्याच रस्त्यावर, त्याच वेगात ब्रेक दाबा. बहुतेक दुकानं बदल्यात जुनी चाकं घेतात. पहिला घाट उतरल्याशिवाय ती देऊ नका. थरथर गेली तर संशय नवीन चाक, नट आणि ऑफसेटवर. राहिली तर ब्रेक आणि बुशवर. थरथर स्टेअरिंगला येते की सीटला, तेही सांगा. बहुतेक पिकअपना मागे ड्रम असतात, आणि सीटखालची धडधड अनेकदा तिथून येते. मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर कमी वेगात, बटण दाबून धरून हँडब्रेक हलकेच ओढला की ते वेगळं कळतं. खडीवर किंवा ओल्यात पेडल खडखडलं तर ते ब्रेक दाबताना चाक अडकू न देणाऱ्या एबीएसचं नेहमीचं काम.

डिस्कवर संशय उरलाच तर मोजून घ्या. डायल गेज लावून डिस्क किती डोलते ते बघा आणि मायक्रोमीटरनं आठ ठिकाणी जाडी घ्या. डोलण्याची मर्यादा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते, बहुधा मिमीच्या शंभराव्या भागांत. आकडा जास्त आला तरी लगेच नवी डिस्क मागवू नका. हब साफ करा, डिस्क काढून एक स्टड पुढे फिरवून बसवा आणि परत मोजा. कधी कधी एवढ्यानंच डिस्क सरळ बसते.