साथ नाकारायचीय? सोलापुरात या, फुकट ट्रेनिंग आहे

आरोग्य खात्याचे साहेब झालात आणि त्याच महिन्यात डेंग्यूची साथ आली? टेन्शन घेऊ नका.

'साथ' म्हणायचंच नाही. 'तुरळक रुग्ण, परिस्थिती नियंत्रणात'.

धंदा आधी बघायचा. १८९२ ला हॅम्बुर्गात बंदराचा व्यापार बुडेल म्हणून कॉलरा आलाय हे सांगायलाच टाळाटाळ केली, आठ हजारावर माणसं गेली.

आता सगळ्यात भारी आयडिया, मोजायचंच नाही. माझा पुतण्या तापानं फणफणला, प्लेटलेट पार चाळीस हजारापर्यंत घसरल्या, खासगी लॅबची डेंग्यूची एनएस१ टेस्ट पॉझिटिव्ह. नोंद करायला गेलो तर टेबलावरचा म्हणतो ही झटपट कार्ड टेस्ट, आमच्यात एलायझाच, म्हणजे लॅबमधली पक्की टेस्टच धरतात. बरं, नियम तसाच आहे, मान्य. मग करा की एलायझा! किट संपलंय म्हणे, पुढच्या महिन्यात बघा. म्हणजे पोरगं सलाईनवर आणि कागदावर 'संशयित'. आमच्या गल्लीत घराआड एक संशयित पडलाय, कन्फर्म शून्य, आणि पेपरात छापून काय येतं तर ते शून्य.

आणि कुणी दुसऱ्यानं मोजलंच तर त्याचं गणित चूक म्हणायचं. कोविडात २०२०-२१ मध्ये भारतात नेहमीपेक्षा साधारण ४७ लाख जादा मृत्यू झाले असं जागतिक आरोग्य संघटना म्हणाली, सरकारी आकडा ४ लाख ८१ हजार. दिल्लीनं काय केलं? पद्धतच चुकीची म्हणून सांगितलं, विषय संपला.

शेवटची टिप, खापर लोकांवर फोडा. घरोघरी माणसं पाठवा, बॅरलमध्ये अळी दिसली की नोटीस. 'कोरडा दिवस पाळा', म्हणजे आठवड्यातून एकदा पाण्याची सगळी भांडी रिकामी करून कोरडी करा. अहो पाळू की, पण नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, ते पण रात्री दोनला, उजनी भरली की जलपूजनाचे फोटो तुमचेच आणि आम्ही बॅरल, हंडे, पातेली भरून ठेवायची नाहीत तर प्यायचं काय, तुमचं प्रेसनोट? अंड्यातून डास उडायला आठ-दहा दिवस लागतात. तुमची पाण्याची एक पाळी हुकली की तेवढे दिवस पाणी बॅरलमध्येच राहतंय, मग डास कुणी पाळला, आम्ही का तुम्ही?

जाऊ दे, मस्करी पुरे. लाज वाटू द्या जरा. रक्ताच्या पिशवीसाठी बाप रात्रभर पळायलेत आणि तुम्ही एसीत बसून शून्य लिहायलाव. किट मागवा. पाणी कुठल्या दिवशी सोडणार ते सांगा आणि त्याच दिवशी सोडा. आणि आमच्या दारावर चिकटवलेल्या त्या नोटिसा आधी काढून न्या.