कर्ज काढून ट्रक चालवायला येऊ नका

पंचेचाळीस पूर्ण झाली की कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे गुण मोजून कायम राहण्यासाठी लोक निवडायच्या योजनेत, वयाचे गुण शून्य. विशीतल्या एकट्या अर्जदाराला ११०, चाळिशीला ५०, चव्वेचाळीसला ६ आणि पंचेचाळीसला भोपळा. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण मला मेसेज करणारे बहुतेक जण बेचाळीस ते पन्नासमधले आहेत. कुणाची कंपनी बंद पडली, कुणाला व्हीआरएस घ्यायला लावली, कुणाच्या मुलीची इंजिनिअरिंगची फी भरायचीय. प्रश्न सगळ्यांचा एकच : "दादा, तिकडे ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणे. आपलं जमेल का?"

मी स्वतः चव्वेचाळिसाव्या वर्षी आलो, त्यामुळे लोकांना वाटतं माझ्याकडे काहीतरी युक्ती आहे. युक्ती काही नाही. बायको नर्स आहे. गुण तिचे, इंग्रजीची परीक्षा तिची, फाइल तिची, आणि त्या फाइलवर मी नवरा म्हणून आलो. चाकणला प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर होतो. त्या अनुभवाला इथे कुणी हिंग लावून विचारलं नाही, म्हणून ट्रकचं लायसन्स काढलं. आधी कॅनडा, मग ट्रक. एजंट मंडळी हा क्रम उलटा करून विकतात.

२०२३ मध्ये एक्सप्रेस एंट्रीत वाहतूक क्षेत्राचा वेगळा गट काढला होता आणि त्यात ट्रक ड्रायव्हर होते, हे खरं आहे. २०२५ मध्ये तो गट यादीतून गेला. नोकरीच्या ऑफरचे जादा गुण मिळायचे, तेही त्याच वर्षी मार्चमध्ये बंद झाले. अमेरिकेनं तर ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रक ड्रायव्हरांना कामाचा व्हिसा देणंच थांबवलं. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जाहिराती मात्र जशाच्या तशा : अनुभव नको, वयाची अट नाही, राहणं-खाणं फुकट.

माझं म्हणणं एवढंच आहे की चाळिशीनंतर या धंद्यात उतरायचं तर घरात दुसरा पगार हवा आणि डोक्यावर कर्ज नको. या कामात सारखं 'नाही' म्हणावं लागतं, आणि कर्जदार माणसाच्या तोंडून 'नाही' निघत नाही.

आता सविस्तर सांगतो.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात २०१७ पासून ट्रकच्या लायसन्ससाठी किमान १०३.५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. मुंबई-आग्रा रोडवर वीस वर्षं टॉरस ट्रक चालवला असला तरी सक्तीचं. फी काही हजार डॉलर, आणि ती आपल्या खिशातून. माझ्या बॅचला बहुतेक विशीतली पंजाबी पोरं होती, मला 'अंकलजी' म्हणायची. सुरुवातीला चालवण्यापेक्षा गाडी तपासायलाच जास्त शिकवतात. इंजिन बंद करून एअर ब्रेकच्या हवेची गळती कान लावून ऐकायची. टॉर्च घेऊन ट्रेलरखाली वाकायचं आणि फिफ्थ व्हीलचा (ट्रकवरच्या जोडणीच्या तबकडीचा) जबडा किंगपिनभोवती (ट्रेलरखालच्या खुंट्याभोवती) नीट बसलाय का ते डोळ्यांनी बघायचं. मग ट्रेलरचे ब्रेक लावून गाडीला पुढे हलका हिसका द्यायचा, सुटत नाही ना याची खात्री करायला. टायर, नट, दिवे, ताडपत्री. रोज निघण्याआधी हे सगळं करून नोंद ठेवायची. अख्खी उमर मशिनच्या चेकलिस्टवर सह्या करण्यात गेल्यामुळे मला यात मजा आली. पोरं वैतागायची.

आईनं फोनवर पहिल्यांदा विचारलं ते पगाराचं नाही. "सोबत क्लीनर कोण आहे?" कुणी नाही म्हटलं. "मग रिव्हर्स घेताना मागं बघतं कोण?" आईनं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. ५३ फुटी ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ट्रेलरचं शेपूट उजवीकडे जातं, आणि ड्रायव्हर इथे डावीकडे बसत असल्यामुळे उजवीकडचं तर नीट दिसतच नाही. "येऊ दे, येऊ दे, बास" म्हणत मागच्या फळीवर थाप मारणारा इथे नाही. गाडी थांबवायची, ब्रेक लावायचा, उतरायचं, मागे चालत जाऊन बघायचं, परत चढायचं. मागे चार गाड्या खोळंबलेल्या असतात, कुणीतरी हॉर्न मारतो. तरी उतरायचं. पोरं लाजेपोटी उतरत नाहीत आणि शेजारच्या ट्रकचा आरसा घेऊन जातात. या बाबतीत वय कामाला येतं. आपल्याला कोण हसतंय याची पर्वा चाळिशीनंतर कमी होते.

प्रशिक्षण इतकं कडक का हवं, हे ६ एप्रिल २०१८ ला सगळ्या देशाला कळलं. (ओंटारिओनं आधीच केलं होतं, इतर प्रांतांना जाग त्या दिवसानंतर आली.) सस्कॅचेवान प्रांतात हम्बोल्ट गावाच्या हॉकी टीमची बस एका चौकात ट्रकवर आदळली. १६ जण गेले, १३ जखमी झाले. ट्रकचा ड्रायव्हर आपल्याच देशातून गेलेला तरुण होता. कामाला लागून महिनासुद्धा झाला नव्हता, आणि त्याच्या हातात दोन ट्रेलर जोडलेली गाडी एकट्याच्या भरवशावर दिली होती. मागची ताडपत्री फडफडत होती, लक्ष तिकडे गेलं आणि स्टॉपची पाटी हुकली. त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली, पुढे २०२४ मध्ये देशातून काढण्याचा हुकूमही निघाला. चूक त्याची होती आणि त्यानं ती कोर्टात मान्य केली. पण मला नेहमी वाटतं, "ही गाडी मला एकट्याला अजून झेपणार नाही" हे वाक्य नव्या माणसाला मालकासमोर बोलता येण्याजोगी परिस्थिती असते का? नव्या देशात, नव्या नोकरीत, तिसऱ्या आठवड्यात?

आता घड्याळाबद्दल. इथे दिवसाला जास्तीत जास्त १३ तास ड्रायव्हिंग आणि १४ तास ड्यूटी, त्यानंतर सलग ८ तास विश्रांती घेतल्याशिवाय गाडी हलवायची नाही. नोंद ट्रकमध्ये बसवलेलं यंत्र करतं. १ जानेवारी २०२३ पासून त्याची काटेकोर अंमलबजावणी सुरू झाली, त्यामुळे जुन्यासारखी वहीत खाडाखोड करायची सोय उरलेली नाही. आपल्याकडेही १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली), त्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास लिहिले होते. नगर-मनमाड रोडवरच्या एखाद्या ढाब्यावर ते वाचून दाखवा आणि हशा ऐका.

पण घड्याळ दुधारी आहे. गोदामात गाडी लावली की डॉकचा दिवा लाल होतो, आणि तो हिरवा होईपर्यंत फोर्कलिफ्टवाल्याच्या मर्जीनं बसायचं. कधी तास, कधी पाच तास. तुमची ड्यूटी मोजली जात असते आणि पगार बहुतेक ठिकाणी मैलावर असतो, म्हणजे उभ्या गाडीला पैसे नाहीत किंवा नाममात्र. मग डिस्पॅचरचा, म्हणजे कंपनीत बसून गाड्यांना कामं वाटणाऱ्याचा, फोन येतो : तेवढं अमुक गावापर्यंत ओढून घे ना, तास-दीड तासाचा तर प्रश्न आहे. यंत्राला चकवायच्या वाटाही लोक सांगतात. इथे पहिलं 'नाही' लागतं.

दुसरं 'नाही' हिवाळ्यात. टोरांटोहून विनिपेगला जायचं म्हणजे दोन हजारांवर किलोमीटर, आणि त्यातला बहुतेक रस्ता ओंटारिओतच. सू सेंट मरी सोडलं की हायवे १७ लेक सुपीरियरच्या कडेनं वावा या गावाकडे चढत जातो. बराचसा दुपदरी, एका बाजूला कातळ, दुसरीकडे समुद्रासारखं तळं. तळ्यावरून बर्फाचा लोट आला की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. पुढे निपिगनला हायवे ११ आणि १७ एकत्र येतात आणि देशाची पूर्व-पश्चिम एका पुलावर टेकते. जानेवारी २०१६ मध्ये तो नवा पूल उद्घाटनानंतर दीड महिन्यातच थंडी-वाऱ्यात एका टोकाला जवळपास दोन फूट उचलला गेला आणि रस्ता बंद झाला. पर्यायी रस्ता अमेरिकेतून. माझ्यासारखा भारतीय पासपोर्टवाला, ज्याच्याकडे अमेरिकेचा व्हिसा नाही, त्यानं अशा वेळी पूल उघडायची वाट बघत बसायचं.

वादळाचा अंदाज असला की मी वावाला थांबतो. धोकादायक काम नाकारायचा हक्क कॅनडाच्या कामगार कायद्यात आहे. "बाकीचे तर जातायत" असं ऐकून घ्यावं लागतं. बाकीच्यांमधल्या किती जणांचे हप्ते थकलेत हे मला माहीत असतं, त्यामुळे मी वाद घालत नाही. माझा लोड उशिरा पोचला आणि पुढचा चांगला लोड दुसऱ्याला गेला, तर त्या महिन्याचं भाडं बायकोच्या पगारातून जातं. माझ्या धाडसाचं सगळं भांडवल हे आहे.

तिसरं 'नाही' सगळ्यात महागात पडतं. त्याला इथे 'ड्रायव्हर इंक' म्हणतात. कंपनी म्हणते, तुझ्या नावावर एक कॉर्पोरेशन उघड, आम्ही तुला पगार देणार नाही, तुझ्या कंपनीला बिलाचे पैसे देऊ. हातात रक्कम जास्त दिसते, कारण काहीच कापलेलं नसतं. पेन्शन नाही, बेरोजगारी विमा नाही, भरपगारी सुट्टी नाही, लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला आठवड्याला ६० तासांनंतर मिळणारा ओव्हरटाइम नाही. पाठ गेली तर तुमची तुम्ही बघा. आणि उद्या टॅक्सवाल्यांनी विचारलं की बाबा तुझा ट्रक कुठला, तुझे ग्राहक किती, तर उत्तर काय देणार? ट्रक कंपनीचा, ग्राहक एकच. मलाही एका ठिकाणी हेच सांगितलं होतं. मी उठून आलो. माझ्याबरोबर मुलाखतीला आलेला गुजरातचा गृहस्थ, पन्नाशीचा, तिथेच सही करून बसला. एजंटचे पैसे फेडायचे होते. त्याला शहाणपण शिकवायची माझी हिंमत झाली नाही.

शरीराचं थोडक्यात. ओंटारिओत ४६ व्या वर्षापर्यंत डॉक्टरी तपासणीचा कागद दर पाच वर्षांनी लागतो, त्यानंतर दर तीन वर्षांनी. शुगर, बीपी, डोळे. घरात ज्यांना मधुमेह आहे त्यांनी आधी याचा विचार करा, कारण हा धंदा बसून खायचा आहे, शब्दशः. मी बारा व्होल्टच्या डब्यात भात लावतो, वर मेतकूट-तूप. बर्गरवर राहिलो असतो तर एव्हाना लायसन्स गेलं असतं.

काही जण जर्मनीचं विचारतात, कारण २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं तिथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला आणि त्यात ड्रायव्हरही होते. युरोपात नियम कॅनडापेक्षा चांगले आहेत. दिवसाला ९ तास, साडेचार तासांनी ४५ मिनिटं सक्तीची विश्रांती, आठवड्याची ४५ तासांची विश्रांती केबिनमध्ये घेता येत नाही. पण भारतीय लायसन्सवर तिथे ट्रकची नोकरी करता येत नाही. लायसन्स तिकडचं, व्यावसायिक पात्रता वेगळी, आणि जर्मन भाषा. शिवाय चांगले नियम असलेल्या त्याच जर्मनीत २०२३ मध्ये डार्मश्टाटजवळ ग्रेफेनहाउझेनच्या थांब्यावर जॉर्जिया, उझबेकिस्तानच्या ड्रायव्हरांनी थकलेल्या पगारासाठी ट्रक उभे करून ठेवले होते. काही आठवडे ते जागचे हलले नाहीत आणि पैसे घेऊनच उठले. ते सगळे मिळून 'नाही' म्हणाले म्हणून. एकेकट्यानं म्हणाले असते तर दुसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर आला असता.

नातेवाइकांचा मुद्दा बाकी आहे. बहिणीनं सासरी 'दादा लॉजिस्टिक्समध्ये आहे' असं सांगून ठेवलंय. मला हसू येतं, राग नाही येत. आपल्या मध्यमवर्गाला पोरगं अमेरिकेत पेट्रोल पंपावर असलं तरी चालतं, फक्त सांगताना 'रिटेल' म्हणायचं असतं. पण जे मला लिहितात त्यांच्या मनात ही लाज नसते, त्यांच्या मनात घाई असते. ती मला जास्त काळजीची वाटते.

म्हणून आता कामाचं. भारतातून परदेशी नोकरीला पाठवणारा एजंट १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो. भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव तपासता येतं. त्याला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतं. जो दहा-पंधरा लाख मागतो तो कशाचे मागतो, हे त्याला लेखी विचारा. कॅनडात मालकानं परदेशी कामगाराकडून भरतीचे पैसे घेणं बेकायदा आहे, त्यामुळे "हे पैसे तिकडच्या कंपनीला द्यायचेत" असं कुणी म्हणालं तर तिथेच उठा. शेतजमीन, घर किंवा बायकोचं सोनं यातलं काही गहाण पडणार असेल तर माझं उत्तर 'नको' असंच राहील, कितीही वेळा विचारा.

ज्यांच्या घरात दुसऱ्याचे कागद होतायत, नर्स, फिजिओ, शिक्षक, कुणीही, आणि स्वतःला तिकडे जाऊन काय करायचं कळत नाहीये, त्यांनी जरूर विचारा. वर्गातल्या अंकलजीपासून पहिल्या हिवाळ्यापर्यंत सगळं सांगेन. इतरांनी निदान ऑफर लेटर पैसे भरण्याआधी मला पाठवा. पाठवायच्या आधी त्यात तीन गोष्टी शोधून ठेवा : दर तासाचा आहे की मैलाचा, डॉकवर उभं राहिल्याचे पैसे लिहिलेत का, आणि पगार तुमच्या नावानं येणार की तुमच्या 'कंपनी'च्या नावानं. उत्तराला वेळ लागेल, मी गाडी उभी केल्यावरच फोन बघतो.