साठच्या लाटांचं यंत्र

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीतल्या एडिसन गावी राहते. एडिसनसाहेबांची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा त्याच हद्दीत होती; 1879 चा तो विजेचा दिवा तिथलाच. तेव्हा विजेच्या माहेराहून आलेली वस्तू आमच्या पुण्यात सुखाने नांदेल, असा माझा भाबडा समज होता.

वस्तू म्हणजे कॉफीचं यंत्र. रात्री पाणी आणि पूड भरा, वेळ लावा, सकाळी उठाल तेव्हा कॉफी तयार. प्लगला दोन चपटे पाय. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पिन आणून ते बसवायला निघालो, तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, आधी बुडाखाली काय लिहिलंय ते वाचा."

तिच्या आवाजाला इतिहास होता. मागच्या खेपेला आलेला हेअर ड्रायर मी असाच पिनेवर लावला होता. तिकडचा दाब 120 व्होल्ट, आपला 230. दाब दुप्पट झाला की तार चौपट तापते. ड्रायरने एकदा लालभडक डोळा उघडला, फट् केलं आणि घरभर जळक्या प्लास्टिकचा वास सोडून गेला. पिन पाय बसवून देते, दाबाशी तिला कर्तव्य नसतं, हे ज्ञान मला त्या वासासोबत मिळालं.

मोबाइलचे चार्जर बिचारे गुणी. त्यांच्या अंगावर '100 ते 240' लिहिलेलं असतं, कुठल्याही पंक्तीला बसतात. या यंत्राच्या बुडाखाली मात्र सोवळं होतं: 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ, 900 वॅट.

विजेच्या सामानाची तपकीर गल्ली गाठली. दुकानदार म्हणाला, "काका, नऊशे वॅट ना? मग पंधराशेचा स्टेपडाउन, म्हणजे दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्या, नऊशेला नऊशे लावून तो रडेल." तो लोखंडी ठोकळा रिक्षातून उतरवताना माझीच कंबर रडली. ओट्यावर त्याला जागा द्यायची म्हणून मिक्सर विस्थापित झाला. चालू केला की ठोकळा तंबोऱ्यासारखा घुमायचा, फक्त सूर कुठलाच नाही.

रात्री दहाला सकाळी सहाची वेळ लावली. सहाला उठलो. कॉफी नाही. साडेसहाला चहा झाला, सातला दुसरा. 7 वाजून 36 मिनिटांनी यंत्र अचानक खाकरलं आणि कॉफी गाळू लागलं. दुसऱ्या दिवशीही 7:36. तिसऱ्या दिवशीही. बिघडलेली वस्तू इतकी वक्तशीर नसते, म्हणून मी दुकानदाराला फोन केला.

"काका, ठोकळा व्होल्टेज उतरवतो. सायकल बदलत नाही."

यंत्रातलं घड्याळ विजेच्या लाटा मोजत होतं. साठ लाटा आल्या की त्याचा एक सेकंद. आपल्याकडे सेकंदाला येतात पन्नास. त्यामुळे त्याचा तास आपल्या 72 मिनिटांचा, आणि आठ तास म्हणजे नऊ तास छत्तीस मिनिटं. यंत्राचं काहीच चुकत नव्हतं. ते प्रामाणिकपणे साठ पूर्ण होण्याची वाट पाहत होतं.

मग मी त्रैराशिक मांडलं. रात्री दहाला झोपायचं तर सहाच्या कॉफीसाठी यंत्राला 4:40 सांगायचं. अकराला झोपलो तर 4:50. तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. पाहुणे तो रेल्वेचा समजून वाचत. त्यात गुरुवारी लाइट गेली की घड्याळ 12:00 वर येऊन डोळे मिचकावत बसे. बायको रोज शांतपणे चहाचं आधण ठेवी. तिने तक्त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, हे जास्त लागलं.

एका रविवारी रात्री साडेदहाला मी घड्याळ शेवटचं बरोबर लावलं आणि नाद सोडला. ठोकळ्याचं बटण बंद करायचं मात्र राहून गेलं.

बुधवारी सकाळी साडेसातला बहिणीचा फोन.

"दादा, कॉफी झाली का रे? यंत्र चालतंय ना नीट?"

"तू अजून जागी?"

"झोपतेच आता. मंगळवारचे रात्रीचे दहा वाजलेत इथे."

मी ओट्याकडे पाहिलं. यंत्रावरही दहाच वाजले होते.