हिरवं दिसतं म्हणून आंबा धरत नाही

हायवेलगतच्या आमच्या कलमांच्या बागेत प्लॉट पाडायचे, असं रत्नागिरीच्या चुलतदादाच्या मनात आहे. वस्ती वाढली म्हणून झाडांचं काही बिघडत नाही, शहरात ती उलट जोमानं वाढतात, आणि हे 'तुमच्याच अमेरिकेत' सिद्ध झालंय, असं तो घरच्या ग्रुपवर पुन्हापुन्हा लिहितो. माझं डोकं फिरतं.

ते संशोधन 2003 साली 'नेचर'मध्ये आलं. कॉटनवूड नावाच्या झाडाची एकाच वाणाची रोपं न्यूयॉर्क शहरात लावली, तशीच बाहेर हडसन खोऱ्यात आणि लाँग आयलंडवरही. शहरातली जवळजवळ दुप्पट वाढली. दादा इथेच थांबतो. पण बाहेरची खुरटली ती ओझोनमुळे! गाड्यांच्या धुरातून उन्हात ओझोन तयार होतो, वाऱ्यानं गावाकडे जातो आणि पर्णरंध्रांतून शिरून पानाची नासाडी करतो. शहरात ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला तिथल्या तिथे संपवतो. धूर शहराचा, भोगायचं गावानं. इथे न्यू जर्सीत जुलैत ओझोनचा अलर्ट आला की मी मुलांना सॉकरला सोडत नाही. झाडांनी कुठे जायचं?

शिवाय हापूस लाकडासाठी कोणी लावत नाही. थंडीत रात्री गार पडल्या तर मोहर, नाहीतर त्याच डोळ्यातून पालवी. काका पहाटे कलमाखाली उभे राहून शेंड्याचा डोळा बोटानं चाचपत आणि यंदा काय येणार ते सांगत. काँक्रीटची ऊब नेमकी रात्रीच नडते, कारण दिवसभर तापलेले स्लॅब आणि रस्ते अंधार पडल्यावर उष्णता सोडत राहतात. चहूकडे इमारती झाल्या की कलम हिरवंगार दिसेल, उपग्रहालाही दिसेल, पण पेटी भरणार नाही.

"तू तिकडे बसून बोलतोस," दादा म्हणतो. फवारणीला, राखणीला तो असतो, अवकाळी पावसात मोहर गळताना तोच बघतो, हे मला मान्य आहे. आमच्या टाउनशिपमध्ये अंगणातलं मोठं झाड तोडायलाही परमिट लागतं, हे मी त्याला दरवेळी ऐकवतो, आणि ते त्याला झोंबतं. झोंबू दे. पण सातबाऱ्यावरचं माझं नाव गेलं तर मी त्या गावचा कोण, ही भीतीही माझ्या भांडणात आहे. इथल्या घराची कागदपत्रं माझ्याच नावावर आहेत, तरी 'आमचं' म्हणताना तोंडात ती बागच येते.

मी सही करणार नाही. फवारणीचा निम्मा खर्च या हंगामापासून माझा, असं दादाला कळवलंय.