मेलव्हिलने लेखणी खाली ठेवली नव्हती

'अपयशाने खचू नका' असे सांगत हर्मन मेलव्हिलची एक गोष्ट गेली काही वर्षे सगळीकडे फिरते आहे. थोडक्यात ती अशी: या अमेरिकन लेखकाची 'मोबी-डिक' ही देवमाशाच्या शिकारीवरची कादंबरी प्रकाशकाने आधी नाकारली. कशीबशी छापून आली, तेव्हा समीक्षकांनी एकमुखाने तिची चिरफाड केली आणि एकही प्रत खपली नाही. लेखकाने हाय खाऊन लिहिणे सोडले, चाळीस वर्षे कस्टममध्ये कारकुनी केली आणि कुणालाही ठाऊक नसताना तो मेला. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मृत्यूच्या बातमीत त्याचे नावसुद्धा चुकवले. मग जगाला जाग आली.

यात थोडे खरे आहे, म्हणूनच उरलेलेही सहज पटते. माझा मोठा आक्षेप 'लिहिणे सोडले' या शब्दांना आहे. पण क्रमानेच जाऊ.

'प्रकाशकाने नाकारली.' नाही. लंडनच्या रिचर्ड बेंटलीने हस्तलिखित हाती पडण्याआधीच १५० पौंड देऊ केले होते. १८ ऑक्टोबर १८५१ रोजी त्याने ती 'द व्हेल' या नावाने तीन खंडांत काढली. १४ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये हार्पर या प्रकाशनसंस्थेने 'मोबी-डिक' म्हणून. 'गोष्टीत देवमासाच हवा का?' असे विचारणारे बेंटलीच्या नावाचे जे नकारपत्र फिरते, ते बनावट आहे. ज्या माणसाने पुस्तक छापले, त्याच्याच माथी नकार मारलेला आहे. हार्परने त्या वर्षी एका गोष्टीला नकार दिला हे खरे, पण तो आगाऊ रकमेला. मेलव्हिलकडे त्यांचेच जवळजवळ ७०० डॉलर येणे होते.

'समीक्षकांनी एकमुखाने चिरफाड केली.' लंडनच्या 'अथेनियम' आणि 'स्पेक्टेटर'ने झोडपले, यात शंका नाही. पण त्याच लंडनमध्ये 'जॉन बुल', 'मॉर्निंग ॲडव्हर्टायझर' आणि 'लीडर'ने मनापासून कौतुक केले, आणि अमेरिकेत 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'ने. झोडपणाऱ्यांच्या रागाचे एक कारण तर छापखान्यातले होते. इंग्रजी आवृत्तीतून शेवटचा उपसंहार गळाला होता. गोष्ट सांगणारा खलाशी इश्माएल शवपेटीच्या आधाराने तरंगत वाचतो, हे सांगणारा तोच भाग. साहजिकच समीक्षकांनी विचारले की जहाजावरचे सगळे बुडाले, तर ही हकीकत सांगतोय कोण? हा दोष लेखकाचा नव्हता. अमेरिकन वाचकाच्या हातातल्या पुस्तकात उपसंहार होता, तरी बोस्टनच्या एका वर्तमानपत्राने आपले मत 'अथेनियम'वरूनच उचलले.

दुसरे कारण मात्र पुस्तकाच्या अंगातलेच. शिकारीची गोष्ट मध्येच थांबते आणि देवमाशाचे सांगाडे, चरबी, चित्रे यांवर प्रकरणेच्या प्रकरणे येतात. त्यातल्या पंचावन्नाव्या प्रकरणात आपली घारापुरीही आहे: देवमाशाचे सर्वांत जुने चित्र तिथल्या लेण्यात, मत्स्यावताराच्या रूपात कोरलेले आहे, असे निवेदक सांगतो. घारापुरीचे मुख्य लेणे शैव. तिथे असे शिल्प नाही. तरी मुंबईच्या समुद्रातले हे बेट मॅसॅच्युसेट्समधल्या शेतघरात बसून लिहिणाऱ्या माणसाच्या कल्पनेत होते, याचे मला फार अप्रूप वाटते. सरळ साहसकथेच्या अपेक्षेने आलेला १८५१ चा वाचक अशा प्रकरणांत अडखळला असेल, तर त्याला मूर्ख ठरवण्याचे कारण नाही.

खपाचे आकडे उपलब्ध आहेत. लेखकाच्या हयातीत दोन्ही देशांत मिळून सुमारे ३,७०० प्रती गेल्या. हार्परकडून त्याला या पुस्तकाचे एकूण ५५६ डॉलर ३७ सेंट मिळाले. कमी आहेत, शून्य नाहीत. पण हा आकडा 'टायपी'शेजारी ठेवून पाहायला हवा. मेलव्हिल १८४१ च्या जानेवारीत 'अकुश्नेट' या देवमासे मारणाऱ्या जहाजावर चढला, दीड वर्षाने मार्केसास बेटांपैकी नुकू हिवावर पळून गेला आणि काही आठवडे तिथल्या लोकांत राहिला. त्यावरचे १८४६ चे हे पहिलेच पुस्तक सोळा हजारांच्या वर खपले. सत्ताविसाव्या वर्षी तो अटलांटिकच्या दोन्ही काठांवर प्रसिद्ध होता. म्हणजे हा मुळात अज्ञात लेखक नव्हता. वाचकांना हवे तेच पुन्हा लिहायला तयार नसलेला लेखक होता. खरी पडझड १८५२ च्या 'पिअर' या कादंबरीने झाली. तेव्हा न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने 'हर्मन मेलव्हिल वेडा' असा मथळाच दिला.

आता ते 'लिहिणे सोडले'.

१८५३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये 'पटनम्स मंथली'त 'बार्टलबी' आली. वॉल स्ट्रीटवरच्या कचेरीतला नकलनवीस 'मला हे न करणे बरे वाटेल' एवढेच म्हणत राहतो, त्याची ही कथा. १८५५ मध्ये 'इझ्राएल पॉटर' पुस्तकरूपात आली आणि त्याच मासिकात 'बेनिटो सेरेनो' आली: जहाजावरच्या गुलामांच्या बंडाची, आणि ते डोळ्यांसमोर असून न दिसणाऱ्या भल्या गोऱ्या कप्तानाची गोष्ट. मासिक पानाला पाच डॉलर देत होते. १८५६ मध्ये कथासंग्रह, १८५७ मध्ये 'द कॉन्फिडन्स-मॅन'. सोडली ती गद्य छापून पोट भरण्याची आशा. त्यानंतर तो कवितेकडे वळला आणि शेवटपर्यंत कवी राहिला. १८६० मध्ये त्याच्या कवितासंग्रहाला प्रकाशक मिळाला नाही. नकाराची गोष्ट हवीच असेल तर ही आहे, पण ती कुणी फॉरवर्ड करत नाही. १८६६ मध्ये यादवी युद्धावरच्या कवितांचे 'बॅटल-पीसेस' निघाले.

त्याच डिसेंबरात कस्टमची नोकरी लागली. कारकुनी नव्हे, न्यूयॉर्कच्या धक्क्यांवर उतरणाऱ्या मालाची तपासणी करणारा निरीक्षक, रोजी चार डॉलर. चाळीस नव्हे, एकोणीस वर्षे, १८८५ च्या अखेरीपर्यंत. नोकरीच्या पहिल्याच वर्षात थोरला मुलगा माल्कम घरात गोळी लागून गेला. अशा काळात, दिवसा गोदीत काम करून, या माणसाने 'क्लॅरेल' लिहिले: पॅलेस्टाइनच्या यात्रेवरचे, श्रद्धा आणि संशय यांच्या झटापटीचे सुमारे १८,००० ओळींचे काव्य. १८७६ मध्ये ते निघाले ते मामाने छपाईचे पैसे दिले म्हणून. विकले गेले नाही आणि उरलेल्या प्रती रद्दीत गेल्या. १८८६ मध्ये दुसरा मुलगा स्टॅनविक्सही गेला. १८८८ मध्ये 'जॉन मार', १८९१ मध्ये 'टिमोलिऑन', दोन्ही फक्त पंचवीस-पंचवीस प्रतींचे. शिवाय टेबलावर 'बिली बड' ही लघुकादंबरी होती. तिच्या हस्तलिखिताच्या शेवटी १९ एप्रिल १८९१ ही तारीख आहे. २८ सप्टेंबरला मेलव्हिल गेला. 'बिली बड' १९२४ मध्ये छापली गेली.

याला लिहिणे सोडणे म्हणतात? खचलेला नायक हवा, म्हणून या माणसाच्या तीस वर्षांच्या कवितेवर बोळा फिरवायचा, हे मला सहन होत नाही.

वर्तमानपत्राबद्दल: 'टाइम्स'च्या २९ सप्टेंबरच्या बातमीत नाव बरोबर आहे, चुकले ते पुस्तकाचे, 'मोबी'च्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त पडले. ६ ऑक्टोबरच्या एका लेखाच्या मथळ्यात मात्र 'हिरम' छापले गेले. ती जुळणीतली चूक दिसते. नव्या पिढीला हा लेखक नावानेही माहीत नाही, अशी खंत त्याच पत्राने २ ऑक्टोबरला व्यक्त केली होती. म्हणजे विस्मरण झाले होते, हा भाग खरा. पण इंग्लंडमध्ये रॉबर्ट ब्यूकॅनन, हेन्री सॉल्ट आणि सागरी कादंबऱ्या लिहिणारा क्लार्क रसेल त्याच्या हयातीतच त्याची बाजू मांडत होते. 'जॉन मार' रसेललाच अर्पण केलेले आहे. मृत्यूनंतर वर्षभरात, १८९२ मध्ये, 'मोबी-डिक'सह चार पुस्तके पुन्हा छापली गेली. १९१९ ची जन्मशताब्दी आणि १९२१ चे रेमंड वीव्हरचे चरित्र यांनी लाट आली, ती या मंडळींनी धुगधुगी टिकवली होती म्हणून.

ती पोस्ट पुन्हा आली, तर पाठवणाऱ्याला 'बार्टलबी' वाचायला सांगा. एका बैठकीत संपते. आणि ती 'मोबी-डिक'नंतर दोन वर्षांनी लिहिलेली आहे, हेही सांगा.