डावी चप्पल आणि ठाण्याची हद्द

काल संध्याकाळी तलावपाळीवर भेळ खात उभा होतो तर मागून आवाज, "काय घोडबंदर, चप्पल आली का परत?" भेळवालासुद्धा माझ्या पायांकडे बघायला लागला. हे तेच काका. गेल्या रविवारचे, हरिहरेश्वरचे.

बायकोला प्रदक्षिणा करायची होती. म्हणजे देवळामागून पायऱ्या उतरायच्या, कड्यांच्या खिंडीतून खाली समुद्राला जायचं आणि डोंगराला वळसा घालून खडकांवरून परत. ओहोटी असेल तरच. साडेदहाची ओहोटी गाठायला पहाटे पाचला निघालो आणि पोचलो एकला, कारण गोवा हायवेचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय आणि त्यात माझा टायर गेला. त्यावर वेगळं लिहीन, आत्ता बीपी वाढेल.

खाली काळा कातळ, खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी पोखरून मधाच्या पोळ्यासारखा केलेला. बघत राहावा असा. पण बघणार कधी, पायाखाली शेवाळ आणि कालवांचे शिंपले, एकेक ब्लेडसारखा. म्हणून चप्पल घातलेली. तिथे हे काका, बर्म्युडा आणि खांद्यावर उपरणं.

"काका, पाणी चढतंय वाटतं."

"छे हो! आज षष्ठी. सहा त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार. भरती साडेचारला. तीन तास आहेत अजून. कुठून आलात?"

"ठाण्याहून."

"ठाण्यात कुठे?"

लाट घोट्याला.

"घोडबंदर रोड."

"मग ठाण्याहून कशाला म्हणता? आम्ही नौपाड्याचे, तीन पिढ्या. तिकडे तेव्हा नुसतं जंगल, बिबटे फिरायचे."

"अजून येतात. काका, पाणी..."

"बघा! बिबट्या येतो ते ठाणं कसं?"

लाट गुडघ्याला.

गणित बरोबर होतं हो त्यांचं, भरती साडेचारचीच. पण पाणी काय साडेचारच्या एसटीने येतं? ते साडेदहापासूनच चढतंय आणि मधल्या दोन तासांत तर सगळ्यात जोरात. पुढची लाट डावी चप्पल घेऊन गेली. साडेअठराशेची! एका भोकात फेस खदखदत होता, तिथेच अडकली असेल म्हणून हात घातला तर खेकडा.

काका शांत. "आधी काळभैरवाला गेला होतात?"

"नाही, थेट इथेच."

"मग! आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग परत काळभैरव. आणि प्रदक्षिणेला चप्पल घालतं का कोणी? जाऊ द्या, चपलेएवढंच पाप होतं समजा."

बायको हसली. माझी बायको. त्यांच्या विनोदाला.

उजवी अजून डिकीत आहे, टाकवत नाही. काल काकांना तोंडावर सांगितलं, नाही आली म्हणून. तर म्हणे, "अमावस्येला बघा, मोठी भरती असते," आणि माझ्या भेळेतली पुरी उचलून चालायला लागले, नौपाड्याच्या दिशेने.