सॉरी म्हणा, निवडून या

राजकारणात पडायचंच असं ठरलं असेल, तर जरा लांब जाऊन पडा. कॅनडात. त्यातही ओटावाच्या, म्हणजे केंद्राच्या, नादी लागू नका, तिथे वर चढायचं तर फ्रेंच शिकावं लागतं. तुम्ही आपले प्रांतातले आमदार व्हा. ओंटारियोत त्याला एमपीपी म्हणतात, क्वेबेकमध्ये एमएनए, न्यूफाउंडलंडला एमएचए आणि बाकी बहुतेक ठिकाणी आपल्यासारखंच एमएलए. नावं वेगवेगळी असली तरी पात्रता एकच लागते. सॉरी म्हणता आलं पाहिजे.

इथेच आपल्या मंडळींची पंचाईत होते. 'माझ्या वक्तव्याचा विपर्यास केला गेला' हे आपलं बाळकडू. फारच गळ्याशी आलं तर 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो'. हे 'असतील तर' विमानतळावरच सोडून या. इकडे माफी कशी, पहिल्या पुरुषात, एकवचनात आणि शक्यतो कॅमेऱ्यासमोर मागायची. ओंटारियोत त्यासाठी २००९ सालचा चक्क कायदा आहे, अपॉलॉजी अ‍ॅक्ट. तुम्ही सॉरी म्हणालात म्हणजे चूक कबूल केलीत, असं दिवाणी दाव्यात कुणाला म्हणता येत नाही. सरकारने एवढी सोय करून दिल्यावर माफी न मागणं म्हणजे लग्नाच्या पंगतीतून उपाशी उठणं.

सुरुवात गणपतीपासून करा. आमच्याकडे शाळेचा जिम भाड्याने घेऊन उत्सव होतो. बास्केटबॉलच्या जाळीखाली मूर्ती, खाली फरशीवर रंगीत पट्ट्या, आणि आरतीच्या ऐन मध्यावर आमदारसाहेब येतात. कुणीतरी फेटा चढवतं, तो भुवयांपर्यंत घसरतो. उजव्या हातात मोदक असतो, तो खायचा की नुसता धरायचा हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. डाव्या हातात सोनेरी शिक्क्याचं शुभेच्छापत्र. भाषणाची सुरुवात, 'उशीर झाला, सॉरी.' दुसरं वाक्य, 'मला मराठी येत नाही, सॉरी.' टाळ्या पडतात. बारा मिनिटांत साहेब पुढच्या हॉलकडे, आणि मोदक खुर्चीवर.

उमेदवारी मिळवायची तर सभासद गोळा करा. मतदानाचं वय अठरा, पण पक्षाचं सभासद चौदाव्या वर्षीही होता येतं, तेव्हा शाळा सुटायच्या वेळेचा विचार करा. आकड्याची फार काळजी करू नका. ओंटारियोच्या प्रोग्रेसिव्ह काँझर्व्हेटिव्ह पक्षाने दोन लाख सभासदांचा डंका पिटला होता. २०१८ मध्ये नीट मोजले, तर सव्वा लाखाच्या आसपास भरले. ज्यांच्या काळात तो डंका वाजला ते नेते, पॅट्रिक ब्राउन, त्याच वर्षी ब्रॅम्प्टनचे महापौर झाले.

निवडून आलात की टोरोंटोतल्या क्वीन्स पार्कला, म्हणजे ओंटारियोच्या विधानभवनात, बसा. सभागृहात समोरच्याला खोटारडा म्हणायची परवानगी नाही. म्हणालात तर अध्यक्ष उभे राहतात, तुम्हीही उभं राहायचं आणि एकच शब्द बोलायचा, 'विथड्रॉ'. झालं. शब्द मागे गेला, पण तो ऐकू सगळ्यांना आलेला असतो. याहून स्वस्त माफी जगात नसेल. पगाराचं म्हणाल, तर तो २००९ पासून १,१६,५५० डॉलरवर गोठलेला होता. २०२५ च्या निवडणुकीनंतर तो १,५७,३५० झाला आणि पेन्शनही परत आली. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे सगळे पक्ष या प्रश्नावर एकमताने उभे राहिले. त्याबद्दल मात्र कुणी सॉरी म्हटल्याचं माझ्या कानावर नाही.

आता थोरांची चरित्रं अभ्यासा. ब्रिटिश कोलंबियाचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्रीच, गॉर्डन कॅम्पबेल २००३ च्या जानेवारीत सुटीवर मावी बेटावर दारू पिऊन गाडी चालवताना पकडले गेले. पोलिसांनी काढलेला त्यांचा हसरा फोटो सगळीकडे झळकला. गडी परत आला, टीव्हीसमोर डोळ्यांत पाणी आणून माफी मागितली. २००५ ला निवडून आला, २००९ ला पुन्हा. आणि शेवटी लंडनला हाय कमिशनर. डोळ्यांतल्या पाण्याची किंमत कळली ना?

पण माझे खरे गुरू रॉड फिलिप्स, ओंटारियोचे तेव्हाचे अर्थमंत्री. डिसेंबर २०२०, कोविड ऐन भरात, सरकार कानीकपाळी ओरडतंय की घरात बसा, आजीलाही भेटू नका. २६ डिसेंबरपासून टाळेबंदी. आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी मंत्रिमहोदयांचा व्हिडिओ येतो. मागे शेकोटी, हातात एगनॉगचा ग्लास, बाजूला जिंजरब्रेडचं छोटंसं घर, आणि जनतेने केलेल्या त्यागाबद्दल हृद्य आभार. मी तो भारावून पाहिला, एकदा बायकोलाही दाखवला. साहेब त्या वेळी कॅरिबियनमधल्या सेंट बार्ट्स बेटावर होते. व्हिडिओ बेटावर जाण्याआधीच करून ठेवलेला! आपल्याकडे परदेश दौरा 'अभ्यासदौरा' असतो, पण इतका अभ्यास करून कुणी जात नाही. ३१ तारखेला परतले, विमानतळावरच मूर्खपणा झाल्याचं कबूल केलं आणि त्याच दिवशी अर्थखातं सोडलं. जूनमध्ये पुन्हा मंत्री. खातं कोणतं, तर वृद्धाश्रमांचं, म्हणजे ज्यांना भेटू नका म्हणून सांगितलं होतं त्याच आजीचं.

माफी न मागणाऱ्याचं काय होतं तेही पाहून घ्या. अल्बर्टा प्रांताचे तेव्हाचे प्रीमियर जिम प्रेंटिस. तेलाचे भाव कोसळले, तिजोरी रिकामी झाली, याला जबाबदार कोण? मार्च २०१५ मध्ये ते रेडिओवर म्हणाले, आपण सगळ्यांनी आरशात पाहावं. मतदारांनी पाहिलं. मे महिन्यात त्यांच्या पक्षाची १९७१ पासूनची, ४४ वर्षांची सत्ता गेली आणि डाव्या एनडीपीला ८७ पैकी ५४ जागा मिळाल्या. प्रेंटिस स्वतःची जागा जिंकले होते, ती त्यांनी त्याच रात्री सोडली.

आता पदव्युत्तर अभ्यासक्रम, म्हणजे ओंटारियोचे प्रीमियर डग फोर्ड. टोरोंटोभोवती ग्रीनबेल्ट नावाचा सुमारे वीस लाख एकरांचा राखीव पट्टा आहे, शेतं, ओढे, जंगल. त्याला हात लावणार नाही, हे फोर्ड यांचं २०१८ चं वचन. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यातले पंधरा तुकडे, ७,४०० एकर, घरबांधणीसाठी मोकळे करायचं ठरलं. महालेखापालांनी ऑगस्ट २०२३ मध्ये हिशेब मांडला: जमीनमालक बिल्डरांच्या मालमत्तेची किंमत ८.२८ अब्ज डॉलरने वाढू शकते, आणि तुकडे निवडताना काही बिल्डरांना झुकतं माप मिळालं. गृहनिर्माणमंत्री गेले. मग २१ सप्टेंबरला फोर्ड नायगारा फॉल्सला उभे राहिले आणि म्हणाले, वचन दिलं होतं, मोडलं, फार फार वाईट वाटतं. जमीन परत पट्ट्यात. पुढच्याच महिन्यात आरसीएमपीचा, म्हणजे केंद्रीय पोलिसांचा, तपासही सुरू झाला. एवढ्या पाण्याशेजारी उभं राहून डोळे कोरडे ठेवणं हेही कसबच म्हणायचं.

यातली मेख समजून घ्या. माफी मागितल्यावर लोक गप्प बसतात, पण विसरत नाहीत. विसरायला लावण्यासाठी चेक लागतो. २०२२ च्या निवडणुकीआधी गाड्यांच्या नंबरप्लेटवरच्या स्टिकरची फी रद्द झाली आणि भरलेले पैसेही परत आले. २०२५ च्या जानेवारीत माणशी २०० डॉलरचे चेक टपालात पडू लागले, पोराबाळांसकट. आमच्या चौघांचे मिळून आठशे. मी आधी तत्त्वाच्या गोष्टी केल्या, मग बँकेत गेलो. महिना संपायच्या आत निवडणूक जाहीर, मुदतीच्या वर्षभर आधी, कारण म्हणे ट्रम्प यांच्या आयातशुल्काशी लढायला ताजा कौल हवा. २७ फेब्रुवारीला मतदान. निम्म्याहून जास्त मतदार घरीच राहिले आणि फोर्ड यांना १२४ पैकी ८० जागा, सलग तिसरं बहुमत.

त्या फेब्रुवारीत आमच्या दारीही एक उमेदवार आला. उणे बारा तापमान, आणि मी आळसापायी दोन दिवस पायवाटेवरचा बर्फ काढला नव्हता. खरं तर काढायची जबाबदारी घरमालकाची, म्हणजे माझीच, पाय मोडला असता तर दावा माझ्यावर आला असता. दुसऱ्याच पायरीवर त्याचा बूट सटकला, पत्रकं बर्फात पसरली, टोपी झुडपात. मी दार उघडून तोंड उघडणार, तोच तो गुडघ्यावर बसल्या बसल्या म्हणाला, 'सॉरी, जेवणाच्या वेळी आलो का?'

निवडून आला, अर्थातच.